साडेएकोणतीस तासांचा आठवडा

पाच लाखांचा आकडा एव्हाना सगळ्यांच्या नजरेखालून गेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत भारत आणि जपान यांच्यात ठरलं, की पाच वर्षांत दोन्हीकडून मिळून पाच लाख माणसांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून तिकडे जाणारे पन्नास हजार कुशल लोक असावेत. जपानी भाषेचे वर्ग पिढ्यान् पिढ्या भरणाऱ्या पुण्यासारख्या शहरात या बातमीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आयटी, कारखाने, वृद्धांची शुश्रूषा यांवर भरपूर लिहूनही झालं. मला त्यातल्या एका लहान गटाविषयी लिहायचं आहे, इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांविषयी. व्हिसा कसा काढायचा, हे सांगणारे पैशाला पासरी आहेत, त्यामुळे ते इथे नको. इथे प्रश्न एकच: आठवड्याला काम किती तास, आणि तो तास मोजायचा कुणी?

या धंद्यात पगार जवळजवळ ठरलेला असतो. जपानमधल्या खासगी इंग्रजी संभाषण शाळा, ज्यांना तिथे ‘एइकाइवा’ म्हणतात, महिना अडीच लाख येनच्या आसपासचा आकडा वर्षानुवर्षं जाहिरातीत छापत आल्या आहेत. आपल्याकडचे साधारण दीड लाख रुपये. त्यात नवख्या शिक्षकाने घासाघीस करून पाच-दहा हजार येन वाढवून घेतले तरी खूप. खरी घासाघीस करायची असते ती तासांची. आणि नेमकं तिथेच आपला माणूस ‘बाकी सगळं ठीक आहे’ म्हणून सही ठोकतो.

वास्तविक हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची अवस्था आपण रोज पाहतो. पैसे वर्गातल्या तासाचे, पण पेपर तपासणी, तयारी, दोन तासांमधली स्टाफरूममधली बैठक हे सगळं धर्मादाय. जपानच्या भाषाशाळांनी हेच तत्त्व अधिक चकचकीत केलं. आपल्याकडे निदान ते तत्त्व उघडपणे ‘तासिका तत्त्व’ म्हणून ओळखलं जातं. तिथे ते करारातल्या एका निरुपद्रवी आकड्यात दडलेलं असतं. तो आकडा म्हणजे साडेएकोणतीस.

पूर्ण तीस नाहीत, अठ्ठावीसही नाहीत, बरोबर साडेएकोणतीस. जपानमध्ये नोकरदाराला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन अशा दोन्ही योजनांत घालावं लागतं, आणि हप्ता मालक व कामगार निम्मानिम्मा भरतात. आपल्या पीएफसारखंच, फक्त दर बराच जड. निवृत्तिवेतनाचा दर पगाराच्या १८.३ टक्के, आरोग्य विम्याचा साधारण दहा टक्के. अर्धवेळ माणसाला यात कधी घ्यायचं, यासाठी १९८० मध्ये एक अंतर्गत परिपत्रक निघालं: पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक काम असेल, तर घ्यायचं. आठवड्याचे चाळीस तास धरले तर तीन-चतुर्थांश म्हणजे तीस. परिपत्रकात साडेएकोणतीस हा आकडा कुठेही नव्हता. तो शाळांनी काढला. तीसमधून अर्धा तास कापला की शिक्षक ‘अर्धवेळ’ होतो आणि मालकाचा हिस्सा वाचतो.

किती वाचतो? अडीच लाख येन पगारावर ढोबळ हिशेब केला तर निवृत्तिवेतनाचे सुमारे तेवीस हजार आणि विम्याचे साडेबारा हजार, म्हणजे दरमहा पस्तीस हजार येनच्या पुढे. वर्षाला सव्वाचार लाखांच्या आसपास, तेही एका शिक्षकामागे. साखळी शाळेत असे शंभर शिक्षक असतील, तर तो कापलेला अर्धा तास वर्षाला चार कोटी येनहून जास्त मिळवून देतो.

आता हे साडेएकोणतीस प्रत्यक्षात कसे मोजले जातात, ते पाहू. समजा, सांगलीची एक मुलगी ओसाकाच्या एका भाषाशाळेत रुजू झाली. धडा चाळीस मिनिटांचा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर, दिवसाला आठ धडे, आठवड्याला पाच दिवस. नुसते धडे मोजले तर दिवसाचे पाच तास वीस मिनिटं आणि आठवड्याचे सव्वीस तास चाळीस मिनिटं होतात. शाळा म्हणते, बघा, साडेएकोणतीसच्याही खालीच आहे की! पण ती मधली दहा मिनिटं पाहा. घंटा वाजते. ती पहिल्या विद्यार्थ्याला दारापर्यंत सोडते, कारण तसं करायचं हे प्रशिक्षणात सांगितलेलं असतं. त्याच्या फाइलमध्ये आजचा धडा, चुका आणि पुढची शिफारस लिहिते. पुढच्या विद्यार्थ्याची फाइल कपाटातून काढते, मागच्या शिक्षकाने काय लिहिलंय ते वाचते, धडा निवडते. तेवढ्यात स्वागतकक्षातून निरोप येतो, की नव्या चौकशीसाठी आलेल्या बाईंशी दोन मिनिटं हसून बोला. पाणी प्यायलं तर प्यायलं. अशी दिवसाला सात अंतरं, म्हणजे सत्तर मिनिटं. पाच दिवसांची पाच तास पन्नास मिनिटं. ती जोडली की आठवडा साडेबत्तीस तासांचा होतो. तीसची रेषा आरामात ओलांडली.

सगळा वाद या दहा मिनिटांचा आहे. शाळेच्या लेखी ती विश्रांती, कायद्याच्या लेखी काम. जपानच्या कायद्यात विश्रांती म्हणजे कामगाराने स्वतःच्या मर्जीने वापरायची वेळ. आणि कामाची वेळ कोणती, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये सांगून ठेवलंय. तो खटला शिक्षकांचा नव्हता. नागासाकीच्या मित्सुबिशी जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांचं म्हणणं होतं, की कामाचे कपडे आणि सुरक्षेची साधनं अंगावर चढवायला लागणारा वेळही कामातच मोजा. न्यायालयाने ते मान्य केलं. माणूस मालकाच्या हुकमाखाली आहे का, एवढंच पाहायचं. हेल्मेट आणि बूट चढवण्याचा वेळ जर काम असेल, तर पुढच्या विद्यार्थ्याची फाइल वाचण्याचा वेळ काम का नसावा? मला तरी याचं उत्तर सापडत नाही. शाळांनाही सापडत नसावं, कारण संघटनेने हा मुद्दा काढला की चर्चा ‘आपल्या शाळेची संस्कृती’ या विषयाकडे वळते.

संघटना म्हटलं की आपल्याकडे कपाळावर आठ्या येतात. परदेशात नवखे आहोत, व्हिसा मालकाच्या हातात, तिथे कुठे झेंडे घेऊन उभं राहायचं? ही भीती खोटी नाही. पण याच बाबतीत जपानचा कायदा परक्या माणसाला आश्चर्य वाटावं इतका उदार आहे. दोन-चार जण एकत्र आले तरी संघटना होते, सरकारी मान्यतेची वाट पाहावी लागत नाही आणि वाटाघाटीला बसायला सबळ कारणाशिवाय नकार देणं मालकाच्या बाजूने गुन्हेगारी नसलं तरी बेकायदा वर्तन ठरतं. परदेशी शिक्षकांना सामावून घेणाऱ्या संघटना तिथे आहेत. ओसाकाची ‘जनरल युनियन’ १९९१ पासून, टोकियोची ‘तोझेन’ २०१० पासून.

आणि इथे मला बर्लिट्झ या भाषाशाळांच्या साखळीतल्या संपाची गोष्ट सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण संप असाही करता येतो हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. डिसेंबर २००७ मध्ये टोकियो परिसरातल्या बर्लिट्झच्या शिक्षकांनी ४.६ टक्के पगारवाढ आणि एका महिन्याचा बोनस मागितला. वर्षानुवर्षं मूळ पगार हलला नव्हता. मग संप सुरू झाला, पण मोर्चा, घोषणा आणि बेमुदत असा नाही. एखादा शिक्षक ऐनवेळी एखाददुसऱ्या धड्यापुरताच संपावर जायचा. त्या धड्याचे पैसे तो सोडायचा, बाकी दिवस नेहमीसारखा. धडा चाळीस मिनिटांचा, म्हणून शिक्षकाचं नुकसानही चाळीस मिनिटांचं. कंपनीला मात्र कुठल्या शाखेत कोण कधी उठेल हे कळेना. बदली शिक्षक हाताशी ठेवावे लागले आणि त्यांचा खर्च वेगळा. ज्या कंपनीने वेळेचे तुकडे करून पगार दिला, तिच्या गळ्यात तेच तुकडे अडकले. शंभरावर शिक्षक यात उतरले आणि हे जवळपास वर्षभर चाललं.

कंपनी चिडली. डिसेंबर २००८ मध्ये तिने संघटनेवर अकरा कोटी येनच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला, संप बेकायदा असल्याचा आरोप करून. खटला तीन वर्षांहून जास्त रेंगाळला. फेब्रुवारी २०१२ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. कंपनी वर गेली, पण वर्षअखेरीस तडजोड झाली आणि खटला मागे घेतला गेला. यात शिक्षकांना फार मोठं घबाड मिळालं असं नाही. मिळालं ते हे, की धड्यापुरता संप कायदेशीर, असं न्यायालयाच्या निकालावर बोट ठेवून म्हणता येऊ लागलं.

याच्या उलट टोकाला नोव्हाचं प्रकरण. जपानमधली सगळ्यात मोठी भाषाशाळांची साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, हजारो परदेशी शिक्षक थकलेल्या पगारानिशी रस्त्यावर आले, आणि काहींनी जेवणाच्या बदल्यात धडे देऊ केले. ज्यांची पूर्णवेळ म्हणून विम्यात नोंद होती त्यांना निदान कागदोपत्री आधार होता. ज्यांना ‘अर्धवेळ’ ठेवलेलं होतं त्यांच्या हातात तेही नव्हतं. साडेएकोणतीस तासांची किंमत अशा दिवशी कळते.

सरकारी शाळांमधल्या सहायक शिक्षकांची तऱ्हा निराळी. १९८७ पासून चालणारा जेट कार्यक्रम त्यातला सगळ्यात सरळ: आठवड्याला पस्तीस तास, पगार वर्षाला चाळीस लाख येनच्या घरात, विमा वगैरे सगळं. इथे घासाघीसीला वाव नाही आणि फारशी गरजही नाही. पण अनेक नगरपालिका जेटऐवजी खासगी कंपन्यांकडून शिक्षक घेतात, आणि तिथे गंमत सुरू होते. काही ठिकाणी करार ‘काम सोपवण्याचा’ असतो, माणूस पाठवण्याचा नाही. मग वर्गशिक्षकाने परदेशी सहायकाला ‘हे पान घ्या’ म्हणून सांगणंसुद्धा कायद्याने चालत नाही, कारण सूचना फक्त कंपनीने द्यायच्या. म्हणजे एकाच वर्गात दोन शिक्षक, चाळीस मुलं, आणि एकाने दुसऱ्याशी धड्याविषयी बोलायचं तर ते कंपनीमार्फत. प्रत्यक्षात अर्थातच सगळे बोलतात. आणि सकाळी साडेआठला शाळेत हजर राहून दुपारी चारला बाहेर पडणाऱ्या त्या सहायकाचे मधले रिकामे तास करारात ‘मोकळे’ दाखवले, की इथेही बेरीज पुन्हा तीसच्या खाली.

आता बातमीचा दुसरा, जास्त महत्त्वाचा भाग, जो पाच लाखांच्या आकड्याखाली दबला. जपानने ही तीस तासांची रेषाच खाली आणली आहे. ५१ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत ऑक्टोबर २०२४ पासून आठवड्याला वीस तास काम करणाऱ्यालाही विमा आणि निवृत्तिवेतन द्यावं लागतं. आधी ही अट ५०१ कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांपुरती होती, मग १०१ वर आली. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ऑक्टोबर २०२७ ते २०३५ या काळात कर्मचारीसंख्येची अट टप्प्याटप्प्याने निघूनच जाणार आहे. म्हणजे मोठ्या साखळी शाळांपुरता साडेएकोणतीसचा खेळ संपला. लहान शाळांत तो अजून काही वर्षं चालेल. आणि जिथे संपला तिथे तो साडेएकोणीसवर जाऊन बसणार नाही, याची खात्री मला नाही. मालकाला एकदा रेषा दाखवली की तो तिच्या अर्धा तास अलीकडे खुर्ची टाकतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी: अनेक तरुण शिक्षकांनाच हा विमा नको असतो. हातात येणारा पगार कमी होतो, आणि ‘मी काय इथे म्हातारा होणार आहे?’ हा प्रश्न असतो. पण विमा नाही म्हणजे खर्च नाही, असं नव्हे. मग राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचा हप्ता स्वतःच भरायचा, २०२५-२६ साठी महिन्याला १७,५१० येन, वर आरोग्य विमा वेगळा. निम्मा वाटा उचलणारा मालक मात्र गायब. आपल्या लोकांसाठी आणखी एक बाब. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्ही देशांतला भरणा पात्रतेसाठी जोडता येतो. परत येताना एकरकमी परतावाही मागता येतो, पण तो घेतला की तो काळ जोडणीसाठी उरत नाही. दोन्ही लाडू खाता येत नाहीत.

शेजारच्या कोरियात शब्द बदलतात, खोच तीच. तिथल्या सरकारी शाळांच्या ईपिक योजनेत आठवड्याला चाळीस तास शाळेत राहायचं आणि त्यात बावीस तासिका घ्यायच्या. त्यापुढच्या तासिकेला जादा पैसे. प्राथमिक शाळेची तासिका चाळीस मिनिटांची, माध्यमिकची पंचेचाळीसची, उच्च माध्यमिकची पन्नासची, तरी प्रत्येक एकच मोजायची. हा हिशेब शिक्षकाच्या बाजूने झुकलेला आणि उघड आहे. खासगी ‘हागवॉन’ म्हणजे शिकवणी वर्गांत मात्र करारातले ‘तीस तास’ साठ मिनिटांचे की पन्नास मिनिटांचे, हे विचारून घ्यावं लागतं. दहा मिनिटांची ही मोजणी वर्षअखेरीस जादा कामाच्या पैशांवर येऊन आदळते. इंग्रजी शिकवण्याचा तिथला व्हिसा एरवी सात ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच आहे, पण २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे अध्यापनाची पदवी असलेल्या भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून दार किलकिलं आहे. बी.एड. झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आखातात जाणारे तर आपल्याकडून कितीतरी जास्त, आणि तिथे प्रश्न उलटा असतो. अमिरातीच्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, रमजानमध्ये दिवसाला दोन तास कमी, जादा कामाला २५ टक्के जास्त. कागद चोख. पण शाळेतल्या शिक्षकाला वार्षिक दिन, पालकसभा, बसड्यूटी हे सगळं ‘शाळेचंच काम’ म्हणून करावं लागतं, आणि तिथल्या करारात तासांचा उल्लेख आहे की नाही, हे पाहण्याआधीच आपण निवासाची सोय कशी आहे ते विचारतो.

मग सही करण्याआधी मागायचं काय? जपानपुरतं सांगतो, कारण तिथे मागण्याजोगा एक कागद कायद्यानेच ठेवला आहे. ‘रोदो जोकेन त्सुचिशो’, म्हणजे कामाच्या अटींची लेखी सूचना. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. एप्रिल २०२४ पासून तिच्यात पुढे कुठे बदली होऊ शकते आणि काम कसं बदलू शकतं, हेही लिहावं लागतं. मुलाखत घेणारे सहसा गोड बोलतात, ‘आमच्याकडे सगळे कुटुंबासारखे राहतात’ वगैरे. त्यांना कुटुंबाबद्दल काही विचारू नका. ई-मेलने तीनच गोष्टी विचारा. शाळेत हजर कधी व्हायचं आणि बाहेर कधी पडायचं, घड्याळाच्या वेळेत. दोन धड्यांमधला वेळ कामाचा मोजला जातो का. आणि आठवड्याचे एकूण तास तुमच्या मोजणीने किती. उत्तर लेखी आलं तर पुढे वादच उरत नाही. तोंडी आलं तर ‘आपण असं म्हणालात, ते बरोबर ना?’ म्हणून आपणच लिहून पाठवायचं. सूर नम्र ठेवायचा, पण प्रश्न गाळायचा नाही. ‘अमुक देत नसाल तर येणार नाही’ ही भाषा जपानी कार्यालयात चालत नाही. ‘नीट समजून घ्यायचं आहे’ ही चालते, आणि तिचा परिणाम तोच होतो.

कराराच्या शेवटच्या पानावर हमखास एक वाक्य असतं: मध्येच सोडल्यास इतके येन दंड. त्याने घाबरू नका. जपानच्या कामगार मानक कायद्याच्या कलम १६ नुसार असा दंड आधीच ठरवून ठेवता येत नाही, आणि कायद्याहून कमी दर्जाची कुठलीही अट कलम १३ नुसार सही करूनही रद्द ठरते. सहा महिने नियमित काम केल्यावर दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. ती ‘आमच्याकडे पद्धत नाही’ म्हणून नाकारता येत नाही.

जाण्याआधी आणखी एक कटू बाब तपासा. भाषाशाळांपासून विद्यापीठांपर्यंत शिक्षकाला बहुतेक ठिकाणी पदवी लागते, आणि शाळांसाठीच्या शिक्षक व्हिसाच्या अटींत शिकवायच्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असणं सहसा मोजलं जातं. मराठी माध्यमातून दहावी करून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्याची वाट इथे अडू शकते, इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी. हे अन्यायकारक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, पण एजंटाला पैसे भरण्याआधी माहीत असलेलं बरं.

आणि रुजू झाल्यावर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. शाळेत कधी आलो, कधी निघालो, मधल्या दहा मिनिटांत काय केलं, कुणी सांगितलं. जपानमध्ये थकीत वेतनाचा दावा सध्या तीन वर्षांच्या आतच करता येतो, आणि कामगार कार्यालयात तुमच्या शब्दापेक्षा अशा नोंदीला जास्त वजन असतं.